तिसऱ्यांदाही तेच आलं

१. कर्करोगाच्या पेशींवर केमोच्या औषधासोबत मधुमेहाचं जुनं औषध तिसऱ्यांदा वापरलं.
२. तिन्ही वेळा नुसत्या केमोपेक्षा जास्त पेशी मेल्या.
३. मी घरी सांगितलं.

तासाभरात चाळीसगावहून नानाकाकांचा फोन; अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. "बेटा, मनी साखरनी गोळी अक्काले देऊ का? तिनी केमो चालूच शे."

"नाही, नाना. हे फक्त प्रयोगशाळेतल्या पेशींवर पाहिलंय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुमची मधुमेहाची एकही गोळी तिला नको."

"मंग इतली खूश कशी?"

"तीनदा तेच आलं म्हणून."

अभिमान वाटतोय. पण अक्कासारखे पेशंट वाट बघत असताना माझ्या एकटीच्या मोजणीवर विसंबणं बरोबर नाही. कोणत्या नमुन्यात काय घातलंय हे न कळता पेशी मोजून देणारं कुणी जळगाव-धुळ्यात आहे का? शुक्रवारपर्यंत कळवा.