सीपीए काकांची सही

सीपीए म्हणजे इथला, अमेरिकेतला सीए. त्याच्या सगळ्या परीक्षा मी पास झालेय, पोरीला कडेवर घेऊन अभ्यास करत. तरी लायसन्स नाही, कारण कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे शिकलेल्या विषयांचे तास, कमी. पुण्याची एम.कॉम. इथल्या मापात आखूड पडते. उरलेल्या क्रेडिटसाठी म्हणे बोलिंगचा क्लास घ्या, योगाचा घ्या, काहीही चालेल. योगा केल्याने बॅलन्स शीट जुळतं का, हे काही कुणी सांगितलं नाही. डोकं फिरायचं माझं.

मग कॅलिफोर्नियाने नियम बदलला. जादा क्रेडिट नकोत. डिग्री, परीक्षा आणि लायसन्स असलेल्या सीपीएच्या हाताखाली दोन वर्षं काम, बस. फ्रीमाँटमध्ये आपल्याच एका काकांच्या टॅक्स ऑफिसात मी त्याहून जास्त राबले होते. इथल्या महाराष्ट्र मंडळात त्यांना सगळे सीपीए काकाच म्हणतात. मी कामाला लागले तेव्हा काका म्हणाले होते, "माझ्या हाताखाली शीक, पुढे उपयोग होईल." आता फक्त त्यांची सही हवी होती. मी पेढे घेऊनच गेले.

काकांनी पेढा खाल्ला, कागद वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"यात लायसन्स नंबर मागतायत. माझ्याकडे नाहीये गं."

"म्हणजे संपलंय?"

"कधी नव्हतंच. टॅक्स रिटर्न भरून द्यायला सीपीए लागत नाही. माझं त्यापुरतं रजिस्ट्रेशन आहे की."

"अहो, पण सगळे तुम्हाला सीपीए म्हणतात."

"लोक म्हणतात. मी म्हटलं का कधी? आणि तू तरी कधी विचारलंस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राबवून घेताना बरं तोंड उघडलं नाही या माणसाने. वर मलाच म्हणतो, "एवढं काय मनाला लावून घेतेस? क्रेडिट ऑनलाइन होतात आता." त्या राबण्यातला एक दिवसही कुठे धरला जाणार नव्हता. मी त्याच दुपारी काम सोडलं.

नंतर मंडळाच्या हळदीकुंकवाला काकूंनी एका नवीन मुलीची ओळख करून दिली. नागपूरची, नुकतंच वर्क परमिट हातात आलेलं. काकू कौतुकाने म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्याकडे कामाला लागतेय. अनुभव मिळाला की हीसुद्धा सीपीए होईल."

मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं, "आधी काकांचा लायसन्स नंबर माग. नाहीये त्यांच्याकडे. तुझं सगळं काम फुकट जाईल."

काकूंचा चेहरा उतरला. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

पण ती मुलगी माझ्यावरच चिडली. म्हणाली, "असं कसं विचारणार, ताई? केवढे मोठे आहेत ते."

आणि ती काकूंच्या पाया पडली.