मिरचीचे चार वाटे

व्यासपीठावर उभं राहून मी पिशवीची नाडी सोडली, "आता विदर्भाच्या पोटातल्या चार वस्तू तुम्हाला दाखवतो," असं भरदार आवाजात म्हणालो आणि पिशवी टेबलावर उलटी केली. टेबलावर मिरच्या पडल्या. लालभडक, वाळलेल्या, भिवापूरच्या. पिशवीच्या तळाशी साचलेला बुकणाही सोबत उडाला आणि समोरच बसलेल्या विभागप्रमुख मॅडमना पहिली शिंक आली.

हॉल भूगर्भशास्त्राच्या पोरापोरींनी भरलेला. क्षणभर कुणाला कळेना, हसायचं की वहीत लिहून घ्यायचं. मग मागून एकानं अगदी गंभीरपणे विचारलं, "सर, हे कोणतं खनिज?"

आता हा घोळ कसा झाला ते सांगतो. मी स्वतः भूगर्भशास्त्राचा पदवीधर. पोटापाण्यासाठी मात्र एका मसाल्याच्या कारखान्यासाठी मिरची पारखतो. हंगामात माझा मुक्काम कळमन्याच्या मिरचीबाजारात. नमुना प्लास्टिकमध्ये ठेवला की मिरचीला घाम फुटतो, म्हणून मी कापडी पिशव्या वापरतो, नाडीच्या. कॉलेजात दगडांसाठी अशाच वापरायचो. त्या बायको शिवून देते. यंदा तिनं एक जुना पोपटी पडदा फाडून सगळ्या एकाच रंगाच्या शिवल्या, आणि माझे कॉलेजपासून जपलेले दगडही मी हौसेनं तसल्याच एका नव्या पिशवीत भरले. सकाळी कारखान्याचा ड्रायव्हर नमुना न्यायला फाटकाशी हॉर्न वाजवत उभा होता. मी एक पिशवी त्याला दिली, दुसरी स्वतः घेतली. पुढचं तुम्ही पाहिलंच.

एरवी मीही सगळ्यांबरोबर हसलो असतो. पण मागच्या रांगेत, पंख्याखाली, बायको आणि लेक बसल्या होत्या. आणि त्या दोघींच्या मध्ये लेकीची ॲडमिशन बसली होती.

लेक बारावी झाली आणि म्हणाली, मला भूगर्भशास्त्र घ्यायचंय. मी पोह्यांच्या बशीत मान घातली.

"दगडं शिकून तुह्या बाबांनी काय केलं?" बायको म्हणाली. "मिरच्या हुंगल्या."

"आई, बाबांचं वेगळं होतं."

"वेगळं काहून वं? डिग्री तर तीच आहे नं."

मी पोहे चावत राहिलो. काही प्रसंगी पोहे जास्त चावावे लागतात.

बायकोचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हेही सांगून टाकतो. "मले दगडांचा राग नाही जी," ती मला म्हणाली. "पण उद्या कोणी विचारलं, पोरगी काय करते, तर एका शब्दात सांगता आलं पाहिजे. मास्तरीण, डॉक्टर, इंजिनीअर. तुमच्याबद्दल सांगता सांगता माझं अर्धं आयुष्य गेलं."

खरंच गेलं. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिच्याकडे निरोप पोचला होता की मुलगा भूगर्भशास्त्र शिकलेला आहे. तिच्या मामीनं त्यातला 'भू' बाजूला ठेवून उरलेलं ऐकलं. साक्षगंधाच्या दिवशी मामी मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाली, "जावईबापू, आमच्या सुनेले चौथा लागला आहे, पपई चालते का हो?" पपई टाळलेली बरी, एवढंच मी घाबरून बोललो. मामीच्या सुनेचं सगळं सुखरूप झालं आणि त्या घरात कित्येक महिने माझा फार मान होता. खरं कळल्यावर मेहुण्यांनी माझं नाव 'मिरची हुंगणारे जावई' ठेवलं, ते आजतागायत आहे.

तर अशा वातावरणात कॉलेजचं बोलावणं आलं. विषय होता, पदवीनंतर काय. जुने विद्यार्थी येणार, आपापल्या वाटा सांगणार, कुटुंबासह या, जेवण आहे.

"मले ऐकाचंच आहे, तुम्ही पोरांले काय सांगता ते," बायको म्हणाली. "सोमवारी ॲडमिशन आहे. पटलं तर दगडं. नाही पटलं तर कॉम्प्युटर. मग बापलेकीनं तोंड पाडायचं नाही."

लेकीनं हात पुढे केला, बायकोनं टाळी दिली. माझा हात कुणी मागितलाच नाही. आणि आता मी लेकीचं नशीब घेऊन उभा होतो, समोर मिरच्या.

मॅडमना दुसरी शिंक आली. खिशात भाषणाचा कागद होता, पण तो सगळा दगडांवर बेतलेला. आणि त्या मिरच्यांकडे बघता बघता मला आमचे सर आठवले. फील्डवर कुणी दगड उचलून "सर, बेसाल्ट" म्हणालं की ते दगड हातातून काढून घ्यायचे. "नाव विचारलं का मी? काय दिसून राहिलं ते सांग. नाव मागून." रंग सांगा, चमक सांगा, फुटतो कसा ते सांगा, हाताला कसा लागतो ते सांगा. सगळं सांगून झालं की नाव आपोआप येतं. आणि नाही आलं तरी निदान खोटं तरी बोललो नाही.

मी खनिज विचारणाऱ्याला पुढे बोलावलं. "नाव घ्यायचं नाही," म्हटलं. "दगड समजून वर्णन कर."

त्यानं एक मिरची उचलली. "गडद लाल, सर. चमक मेणासारखी. पृष्ठभाग सुरकुतलेला."

"मोडून बघ."

"मोडत नाही सर, वाकते."

"म्हणजे?"

"आत ओल आहे," दुसऱ्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, आणि न बोलावताच उठून टेबलाशी आली. तिनं मिरची खिडकीकडे धरली, फिरवली. "सर, हिच्या एकाच बाजूला फिकट डाग आहे. दुसरी बाजू चांगली आहे."

"का असेल?"

तिनं डागावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "ती बाजू खाली होती. जमिनीवर वाळवली, आणि खालून ओल लागली. कुणी उलटवली नाही."

मला त्या पोरीला तिथंच कारखान्यात घेऊन जावंसं वाटलं. कळमन्यात हे समजायला मला दोन हंगाम लागले होते, आणि तिनं आयुष्यात मिरची फक्त फोडणीत पाहिली असणार. पण दगड वाचणं ती शिकली होती. एखादी वस्तू बघायची आणि तिच्यावर काय काय गुजरलं ते ओळखायचं. तिला मिरची येत नव्हती, वाचणं येत होतं.

मग मला चेव चढला. कुणीतरी वर्तमानपत्रं आणली, टेबलावर पसरली. मी मिरच्यांचा ढीग केला, टोकदार, शंकूसारखा. हातानं दाबून चपटा केला. पट्टीनं चार वाटे पाडले. समोरासमोरचे दोन ठेवले, उरलेले दोन बाजूला सारले. ठेवलेल्यांचा पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे. हात आपोआप चालत होते, कारण हे मी रोज करतो. कळमन्यात मला बघून अडते एकमेकांना सांगतात, "आला गा, चार वाटेवाला."

"शेवटी मूठभर उरते," मी म्हणालो, "आणि त्या मुठीत अख्ख्या पोत्याचं खरं उतरलेलं असतं. ढिगाच्या वरची मूठ कधी घ्यायची नाही. वरची मूठ म्हणजे व्यापाऱ्याचं भाषण."

हॉल हसला. मॅडम रुमालाआडून म्हणाल्या, "प्रॅक्टिकलला मँगनीजच्या भुकटीचं हेच करतो आपण, लक्षात ठेवा," आणि शिंकल्या.

खरं सांगू, ते वाक्य मलाही नवं होतं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत होतो की डिग्री वाया गेली हो, मिरचीत गेली. आणि इथं भर सभेत कळत होतं की ती कुठं गेलीच नव्हती. रोज सकाळी माझ्याआधी कळमन्यात जाऊन उभी राहत होती.

चष्म्यातला एक मुलगा उठला. "सर, छान आहे. पण जाहिरातीत कुणी लिहीत नाही की भूगर्भशास्त्राचा पदवीधर हवा, मिरचीसाठी. आम्ही अर्ज करायचा तरी कशाला?"

प्रश्न सरळ होता. मी उत्तरही सरळ दिलं. पदवीनंतर काही काळ मीही बोअरचे पाइप विकत फिरलो, आणि फिरताना मला वाटायचं की मी नापास झालोय. माझ्या वर्गातले काही कोळशाकडे गेले, एक मेट्रोच्या खांबाखालची माती तपासतो, एक उपग्रहाच्या चित्रांवरून कुठल्या शिवारात काय पेरलंय ते सांगतो. त्यातल्या कुणासाठीही पहिल्या दाराशी नोकरी हार घेऊन उभी नव्हती. "म्हणून अर्जात पदवीचं नाव लिहून थांबू नका," मी म्हणालो. "वर्णन करा. दिवसभर उन्हात चालून संध्याकाळी दिसलं तेवढंच लिहिता येतं. वरून बघून खाली काय असेल त्याचा अंदाज बांधता येतो, आणि तो चुकू शकतो हे कबूल करता येतं. मूठभरावरून पोत्याचं सांगता येतं. हे ज्याला हवंय तो मिरचीवाला असेल, पाणीवाला असेल, विमेवाला असेल. त्याला तुमचं नाव ठाऊक नसतं. वर्णन वाचून तो थांबतो."

टाळ्या पडल्या. मी खुशीत पाण्याचा ग्लास उचलला, आणि मागच्या रांगेत पंख्याखाली एक बाई उभी राहिली.

"सर," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं मला सर पहिल्यांदाच म्हटलं. "पाहुणे घरी आले, त्यांनी विचारलं, मुलगी काय करते. तर काय सांगायचं?"

"आधी वर्णन," मी म्हणालो, "नाव मागून."

"पाहुण्यांजवळ एवढा वेळ नसते जी. चहा थंड होते."

हॉल फुटला. पोरांना माहीत नव्हतं ही कोण, पण बाजू कुणाची भारी आहे ते त्यांना कळलं. मी ग्लास ठेवला. लेक माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सोमवार दिसत होता.

तेव्हा व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेली वर्गमैत्रीण माइकवर वाकली. ती गावोगाव जाऊन विहीर कुठं खणायची ते बघते. "ताई, मी सांगू?" ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंना माझ्या हुद्द्याचं नाव अजून येत नाही. त्या म्हणतात, आमची सून जमिनीखालचं पाणी सांगते. एवढ्यात होतं त्यांचं. चहा गरम राहतो."

बायको खाली बसली. मी तिच्या चेहऱ्याचं वर्णन करू पाहिलं, जमलं नाही. तो दगड मला आजवर वाचता आलेला नाही.

जेवणाच्या रांगेत फोन वाजला. कारखान्याच्या प्रयोगशाळेतली मुलगी होती. "सर, भिवापूरच्या नमुन्यात भेसळ आहे."

"किती?"

"सगळीच सर." तिचा आवाज घाबरलेला. "एक काळं आहे, हाताला लागून राहिलं, कोळशासारखं. एकाला भोकं आहेत, भोकांत पांढरं भरलेलं. एकावर पानाचा ठसा आहे."

लेकीनं ते ऐकलं आणि भाताची प्लेट धरून खाली बसून हसली. मी फोनवर म्हणालो, "वर्णन उत्तम आहे. जपून ठेव, सोमवारी नेतो."

येताना ऑटोत लेक माझ्याकडे बघायची, मी बाहेर. नंदनवन वस्तीत आमच्या गल्लीशी उतरलो तर शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या.

"काय वं, झाली का पोरीची ॲडमिशन? काय घेऊन राहिली?"

बायको थांबली. लेकीनं माझी बाही धरली.

"ते..." बायको म्हणाली. मग एका दमात, "वरून पाहूनच पोटात काय आहे ते सांगायचं शिकणार आहे."

काकूंचे डोळे मोठे झाले. "म्हणजे डॉक्टर?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मामी तिलाही आठवली असणार, कारण ओठ घट्ट मिटून ती हसू दाबत होती. "त्याच्याच बाजूचं," ती म्हणाली आणि फाटक उघडून आत गेली.

आम्ही दोघं मागून पळालो. लेक तिच्या गळ्यात पडणार होती, पण बायको तोवर स्टूल ओढून माळ्याखाली उभी होती.

"तो जुना निळा पडदा काढून द्या वरून," ती मला म्हणाली. "पोरीले दगडांसाठी पिशव्या लागतील नं. तिच्या निळ्या, तुमच्या पोपटी. अन् नाव मागून द्या म्हणता ते ठीक आहे जी, पण पिशवीवर तेवढं आधी लिहीत जा."