शिंप्याच्या खडूचे डोहाळे

ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाई करते. तोंड असं की समोरच्याचे दोन तुकडे, म्हणून तिथे सगळे तिला कात्री म्हणतात. माझी ती शाळेपासूनची मैत्रीण. मीही तेच म्हणते.

तिला सातवा महिना लागला होता. भेटायला गेले, तर मशीनवर बसून कापड आखायचा निळा खडू कुरतडत होती.

"अगं, हे काय?"

"डोहाळे. कुणाला आंबट लागतं, मला खडू लागतो."

"पोर जन्मायच्या आधीच शाळेत घातलंय हिनं," कटिंगमास्तर हसले. तुटके खडू तेच तिच्यासाठी बाजूला ठेवत. गरोदर बाईचं मन मोडू नये, एवढाच हेतू.

खडूनं भूक मरायची. मग डबा कारखान्याच्या दारातल्या कुत्र्याला. लोहाच्या गोळ्यांनी मळमळायचं, त्याही बंद. चेहरा पांढराफटक पडला. चार पायऱ्यांत धाप लागायची. अवघडलेल्या बाईला लागायचीच, असं आम्ही सगळे म्हणालो.

बाळ महिनाभर आधी आलं. मुलगी. काचेच्या पेटीत ठेवली. मनगट माझ्या बोटाएवढं.

"काय खात होतीस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सगळं खाते हो," सासूबाई म्हणाल्या. "डबा चाटूनपुसून येतो घरी."

मग कात्रीनंच सांगितलं. खडूचं, डब्याचं, गोळ्यांचं.

"हे डोहाळे नव्हते गं. अंगात रक्त कमी असलं की खडू, माती खावीशी वाटते. तेव्हाच यायचं होतंस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणून ही एवढीशी?"

"एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. पण तुझ्याच अंगात नव्हतं, तर तिला कुठून मिळणार?"

सासूबाई आता घर डोक्यावर घेतील, असं मला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "कुत्र्याला?" आणि बाकावर बसल्या.

बाळाला ओढून पिण्याची ताकद नव्हती. नळीनं दूध चाललं होतं. आज नर्सनं तिला पहिल्यांदा छातीशी लावलं. ओठ हलले. थांबले. परत हलले.

"पी गं माझे बाय," कात्री म्हणाली. "एक घोट."

बाळ झोपून गेलं.

"दमली ती. उद्या बघू," नर्स म्हणाली आणि तिनं बाळ उचललं.

कात्रीचे हात तसेच राहिले, धरल्यासारखे.