गालात धरलेला श्वास

स्क्रीनवर नुसता राखाडी धूर दिसत होता. अण्णांचं हृदय त्यामागे कुठेतरी धडधडत होतं आणि मी त्यांच्या छातीवर प्रोब फिरवून फिरवून रडकुंडीला आले होते.

एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, रेडिएशन नाही, फक्त थंडगार जेल. अडचण एकच, त्यातल्या ध्वनिलहरी हवेतून नीट जात नाहीत. फुप्फुसात हवा भरलेली असली की हृदय झाकलं जातं. म्हणून आम्ही श्वास सोडून थांबायला सांगतो. मग फुप्फुस जरा सरकतं आणि बरगड्यांमधून आत बघायला फट मिळते. तिला आम्ही विंडो म्हणतो. अण्णांची विंडो काही केल्या उघडत नव्हती.

अण्णा आमच्या बेंगळुरूतल्याच येलहंक्याचे, सत्तरी ओलांडलेले सनईवादक. घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना मला नागपूरकरणीला कान टवकारावे लागत. खोकला झाला म्हणून एक्स-रे काढला, त्यात हृदय मोठं दिसलं. आमच्या कार्डिओलॉजिस्ट सरांनी एको होईपर्यंत सनई बंद ठेवायला सांगितली. आणि दुसऱ्याच दिवशी देवनहळ्ळीला नातीचं लग्न. त्यांच्याकडे मुलगी मांडवात येते ती घरच्या सनईवर. ती नात, काव्या, मेंदीचे हात सांभाळत दारात उभी होती.

"अक्का, स्वल्प नीट बघा की," अण्णा म्हणाले. "मी नाही वाजवलं तर ही पोरं मोबाइलवरची सनई लावणार. त्यापेक्षा मला इथंच ठेवून घ्या."

मी पुन्हा श्वास सोडायला सांगितलं. पुन्हा धूर.

सर आत डोकावले. "छोड दो मॅडम. पुअर विंडो लिख दो, सोमवार को दूसरा टेस्ट करेंगे."

सोमवारी मांडवसुद्धा उतरलेला असणार. काव्याचा चेहरा एवढासा झाला. सरांचंही चुकत नव्हतं, बाहेर रांग लागली होती. मी हट्टानं थोडा वेळ मागून घेतला.

मग आम्ही एकोवाले सहसा करत नाही ते मी केलं. स्क्रीन सोडून पेशंटच्या तोंडाकडे पाहिलं. "सोडा" म्हटल्यावर अण्णांचे गाल टम्म फुगले, ओठांतून हवा बाहेर येऊ लागली आणि नाकपुड्या मात्र गुपचूप हवा आत ओढत होत्या.

"अण्णा, नाकानं काय चाललंय?"

"काय म्हणजे? श्वास सोडायलोय की. सूर मधी तुटू नये म्हणून मार खाऊन शिकलोय. आता सोडा म्हटलं की असाच सुटतोय."

मला हसू आवरेना. मी जे फुप्फुस रिकामं करायला बघत होते, ते हे भरत होते. पण ही युक्ती सनईला चालते, गाण्याला नाही. गळ्यातून सूर लागलेला असताना कुणाला श्वास आत घेता येत नाही.

"सनई विसरा. तोंडानं सा लावा, दम संपेपर्यंत. मग थांबा."

काय सा लागला! बाहेरची रांगसुद्धा गप्प झाली. सूर बारीक होत संपला, आणि धूर सरला. समोर हृदय होतं. मापात, झडपा ठणठणीत, पंपिंग उत्तम. मी त्यांना आणखी बऱ्याचदा सा लावायला लावला. शेवटचे एक-दोन मापासाठी नव्हते, माझ्या आनंदासाठी होते.

सरांनी मापं तपासली आणि एक्स-रे पुन्हा उजेडावर धरला. एक्स-रेला उलट असतं, श्वास खोल भरून धरावा लागतो. नाहीतर हृदय आडवं पसरून मोठं दिसतं.

"वहाँ श्वास कैसे पकड़ा था?" सरांनी विचारलं.

अण्णांनी अभिमानानं गाल फुगवून दाखवले.

सर हसत स्टुलावर बसले आणि कानडीत होकार दिला. "सरी, अण्णा. बजाइए."

दुसऱ्या दिवशी मी लग्नाला गेले. काव्या मांडवात आली आणि बोहल्यावर पोचेपर्यंत सूर एकदाही तुटला नाही. माझे डोळे भरून आले.

तेव्हापासून मी नुसतं "श्वास सोडा" म्हणत नाही. "गालातला नाही, छातीतला सोडा" म्हणते. पेशंट हसतात. हसताना श्वास सुटतो आणि माझं निम्मं काम होऊन जातं.