डाव्या हातानं मोडलेली भाकर

देवावर राग धरू नये, असं मी कितीतरी बायांना सांगत आले. चर्चच्या पाळकाच्या बायकोला ते सांगावंच लागतं. यांना झटका आला, उजवी बाजू आणि वाचा गेली, तेव्हा तो सल्ला किती फुकटचा होता ते कळलं. अलिबागहून घरी आणताना डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय, भरवत राहा. थोडे दिवस खाल्लंही. मग चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी भेटायला आले. खाटेशेजारी उभं राहून त्यांनी प्रार्थना केली आणि त्याच दमात सांगितलं की नवे पाळक येतायत, वर्धापनदिन झाला की पाळकांसाठीचं हे घर मोकळं करावं लागेल. त्या दिवसापासून यांनी तोंड मिटलं. चमचा पुढे केला की मान भिंतीकडे. माणूस डोळ्यांदेखत वाळत होता, आणि ज्याच्याकडे दाद मागायची तो बहुधा बिशपसाहेबांच्या स्वागताच्या कमानी बघण्यात गुंतला होता.

वर्धापनदिनाला प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत पाळकानं मोडून दिलेली भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्यासाठी काळे मनुके उकळून रस करणं, पेले मांडणं हे काम कायम माझं. दुसऱ्या कुणाला जमत नाही, तुम्हीच या, असा निरोप आला. घर काढून घ्यायला मात्र सगळ्यांना जमत होतं. मागच्या कोळीवाड्यातल्या हिराबाईला यांच्याजवळ बसवून मी गेले. हिराबाई आम्हाला मासळी घालते. मासळी ताजी की कालची, यावरून आम्ही वर्षानुवर्षं भांडत आलोय.

उपासनेत मला पुढे बोलावलं. सेक्रेटरींनी मला त्यागमूर्ती म्हटलं आणि त्या उकाड्यात माझ्या खांद्यावर शाल घातली. मग प्रभुभोजनाआधीची सूचना झाली: मनात कुणाविषयी काही असेल तर आधी समेट करा, मगच मेजापाशी या. यांच्या तोंडून ती इतकी ऐकलेली की कानावरून जायची. आमच्याकडे ती सूचना ऐकून कुणी मागे राहत नाही. राहिलं तर लोक पाप शोधत बसतात. रांगेत पहिले सेक्रेटरीच होते, हात जोडून. मला क्षमा करता येईना, आणि खोटं बोलून ती भाकर घेववेना. मी शाल घडी करून बाकावर ठेवली आणि मधल्या वाटेनं सगळ्यांसमोर बाहेर पडले. दारातल्या बँडवाल्याला वाटलं उपासना संपली. त्यानं पिपाणी तोंडाला लावलीच होती.

घरी आले तर हिराबाई खाटेपाशी फतकल मारून भाकरी आणि बांगड्याचं कालवण जेवत होती. यांच्याजवळ एका ताटलीत तिच्यातलीच अर्धी भाकरी आणि थोडं कालवण. मी यांना भरवायला पुढे झाले, तशी तिनं मला हातानंच थांबवलं.

"बस गप. मी त्यांना जेवा म्हनलाच नाय. मना भूक लागली, मी बसले. पाद्रीबाबा बघीत व्हते, म्हनून अर्धी ठेवली."

यांनी डाव्या हातानं ताटली ओढली. भाकरी ताटलीच्या कडेला दाबून मोडायला बराच वेळ लागला. पहिला तुकडा यांनी तोंडात घातला नाही. हात लांब करून माझ्यापुढे धरला. हीच हालचाल मी इतकी वर्षं मेजापाशी यांच्या उजव्या हाताची पाहिली होती. मी तुकडा घेतला. मग हे जेवले, कालवणात बुडवून, सगळी अर्धी.

"काटा लागला का गो बाय?" माझे डोळे बघून हिराबाईनं विचारलं. मी हो म्हटलं.

याला चमत्कार म्हणा, असं मी कुणाला सांगणार नाही. राग गेला का? नाही. सेक्रेटरी पुन्हा आले तेव्हा मी दारातच सांगितलं की हे स्वतःच्या पायांनी बाहेर पडतील त्या दिवशी घर मोकळं होईल, आणि ती शाल नव्या पाळकीणबाईंसाठी जपून ठेवा, त्यांना लागेल. ते आमेन न म्हणता गेले. पण रिकाम्या मनानंच देवापुढे जायचं असतं ही माझी समजूत त्या दुपारी मोडली. माझा हात रागानं भरलेला होता, तसाच मी पुढे केला, आणि तरी त्यात भाकर पडली. मी मेजापासून उठून आले होते. मेज माझ्या मागोमाग घरी आलं. देवाचे आभार मानते. हिराबाईचे मानायला गेले, तर म्हणाली, उद्या बांगडा कालचा म्हनू नको, झाला.