नऊ नंबरची फेरमोजणी

कंडक्टर म्हटला की खेकसणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. नऊ नंबरच्या बसचा कंडक्टर मात्र वेगळ्याच मातीचा. सगळे उतारू त्याला मामा म्हणत. एकदा एक गृहस्थ लोखंडी कपाट घेऊन चढला, तर मामा कपाटालाच म्हणाला, "मालक, जरा पुढे सरका, दारात उभं राहू नका." अख्खी गाडी हसली, कपाटवाला सोडून.

ही गाडी टेकडीपलीकडच्या दवाखान्यापर्यंत जायची. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसांचं रक्त तिथं यंत्रावर शुद्ध करून देत, आठवड्यातून तीनदा. अशी वीस-बावीस माणसं मामाच्या गाडीत असत. येताना तर हाताला पट्टी, तोंडावर कळा नाही. त्यांच्याकडे पैसे मागायला मामाची जीभ रेटायची नाही. "उतरताना बघू," म्हणायचा आणि उतरताना नेमका दुसऱ्या दाराकडे तोंड करून उभा राहायचा. त्यांच्यातच मामाची वहिनी होती. तिचं तिकीट मात्र तो पदरचे पैसे घालून फाडायचा. घरचं माणूस फुकट नेलं, असं कोणी म्हणायला नको. आई गेली तेव्हा मामा सात वर्षांचा. वहिनीनंच त्याला वाढवला. नावाला दीर, बाकी लेकच.

तिकडे शहर फुगत चाललं होतं. वाढत्या अंगाला जुना सदरा किती दिवस पुरणार? म्हणून महापालिकेनं वाहतुकीचा नवा आराखडा काढला, रेल्वे, बस, सायकल, पायी जाणारे, सगळ्यांचा तोल सांभाळणारा. आराखड्याची इंजिनिअरबाई डेपोत आली. बाई वाईट नव्हती हो, महिनाभर बसमधून उभ्यानं फिरलेली. तिनं भिंतीवर कागद लावला.

"नऊ नंबरला टेकडीपलीकडे सरासरी चार प्रवासी. हीच गाडी नव्या वसाहतीला दिली तर तीनशे माणसांची सोय होते."

"चार कसले बाई? पंचवीस असतात," मामा म्हणाला.

"तिकिटं चारच निघालीत. मशीन खोटं बोलतं का?"

"मशीन नाही. मी."

डेपो मॅनेजरनं कपाळाला हात लावला. "अरे, याचं तोंड कोणीतरी बांधा रे!"

बाईनं पेन खाली ठेवलं. "काय बोलताय कळतंय ना? दोन वर्षांवर पेन्शन आलीय तुमची."

"कळतंय. पण ती माणसं जायची कशी?"

बाईनं न्यायाची वाट काढली. आठ दिवस दारात दोघं जण उभे करायचे, तिकिटं नाही, डोकी मोजायची. डोकी भरली तर गाडी राहील, पण मग मामाची चौकशी होईल. तोवर मामानं ऑफिसात बाकावर बसायचं. मामा एका पायावर तयार झाला. नोकरी गेली तर गेली.

चूक झाली ती घरी. त्यानं वहिनीला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे आम्ही गाडीत बसलो की तुझी नोकरी जाणार?"

"जाऊ दे गं."

"बरं," वहिनी म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. आता, वहिनीचं 'बरं' जन्मात कधी नुसतं 'बरं' नव्हतं, हे मामाला तरी कळायला हवं होतं!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती खाटेखाटेशी गेली. "ज्यानं आपल्याला वाहून नेलं, त्याच्याच पोटावर पाय द्यायचा का? आठ दिवस कळ काढा. गाडी कुठं जाते? आजारी माणसांना कोणी असं सोडतं होय?"

आठ दिवस त्यांच्यातला एकही जण बसमध्ये चढला नाही. कोणी दुधाच्या टेम्पोत, कोणी दहा पावलांवर बसत टेकडी चढलं. मोजणारे लिहीत गेले: चार, तीन, पाच.

बाईनं मामाला समजुतीनं सांगितलं, "मामा, गाडीवर तुमची माया आहे, समजतं. पण त्यासाठी स्वतःवर बालंट घ्यायचं नसतं." चौकशीही झाली नाही. मामा त्या माणसांच्या दारोदार फिरला, बाईंपुढे खरं बोला म्हणून हात जोडले. सगळ्यांचं एकच, "आम्ही कधी फुकट बसलोच नाही." वहिनीनं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं.

एक तारखेला गाडी बंद झाली. मामाला नव्या वसाहतीची फेरी मिळाली, पाय ठेवायला जागा नाही अशी. थट्टा करणं मात्र त्यानं सोडलं. इकडे दुधाच्या टेम्पोची वेळ बदलली. रोजची रिक्षा परवडणारी नव्हती. मामानं रजा टाकून वहिनीला सायकलवर बसवून नेलं, रजा संपेपर्यंत. मग आठवड्याच्या तीन वेळांच्या दोन झाल्या, दोनाची एक. वहिनीचे पाय खांबासारखे सुजले. एका दुपारी मामा तिच्या उशाशी बसून भडकलाच.

"कोणी सांगितला होता हा शहाणपणा? मी मागितलं होतं का?"

वहिनी धापा टाकत होती. तशीच म्हणाली, "नोकरी आहे ना रे तुझी?"

"आहे."

"मग ओरडतोस कशाला?"

मामानं घड्याळ पाहिलं. पाच वाजता ड्युटी होती. तिच्या हाताशी पाणी ठेवून तो उठला. परतला तेव्हा दारात शेजारीण उभी होती, आणि तिनं काही सांगायच्या आधीच त्याला कळलं.