अकराव्या विहिरीचं पाणी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी लोणी काळभोर ओलांडून बरंच आत, एका वस्तीवरच्या विहिरींचं पाणी तपासत होते. नारायण पेठेतून स्कूटरवर जायचं, बाटल्या भरायच्या आणि बर्फाच्या डब्यातून दुपारपर्यंत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोचवायच्या. अकरावी विहीर ज्या मावशींची होती, त्या मला ओसरीवर बसवून घेत.

तिसऱ्या खेपेला त्यांच्या घरात तान्हं बाळ दिसलं. मुलगी बाळंतपणाला आली होती. तिला दूध पुरत नव्हतं, म्हणून दोघी दुधाची पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून पाजत होत्या.

"पानी उकळून घेतो बरं का," मावशी म्हणाल्या.

आदल्या दोन्ही वेळी त्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या बरंच वर निघालं होतं. मोठ्यांना ते सहसा कळतही नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू पुरेनासा होऊ शकतो. आणि उकळून ते जात नाही, पाणी आटेल तसं उलट दाट होतं. हे सगळं मला पाठ होतं. दोन्ही आकडे वहीत होते. मावशींना सांगावं, हे मात्र मला सुचलंच नव्हतं.

आता सांगितलं. मुलीनं हातातली बाटली खाली ठेवली.

"मग काय पाजू?"

"नळाचं..."

"नळ हाय," मावशी म्हणाल्या. "पानी आठ दिसांनी येतं."

दुसऱ्या दिवशी मी शुद्ध पाण्याचा जार स्कूटरवर पायांशी ठेवून घेऊन गेले. दोनदा नेला. तिसऱ्यांदा परीक्षा आली. मधल्या काळात पाणीपुरवठा कार्यालयात वस्तीला शुद्ध पाणी मिळावं म्हणून अर्जही दिला. तिथले साहेब नम्रपणे म्हणाले, "अहो, सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. विद्यार्थ्यांचा चालत नाही."

शिफारसपत्र लिहून मी माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "आपण प्रबंध लिहिताय की गाव चालवताय?" एवढं म्हणून त्यांनी शिफारसपत्रावर सही मात्र केली. ते पत्र अर्जाला जोडलं. त्यानंतर त्या अर्जाचं काय झालं, मला कधीच कळलं नाही.

बाळाला काही झालं नाही. पण त्यात माझं काही कर्तृत्व आहे असं मला वाटत नाही. निकाल लागल्यावर पेढे घेऊन गेले, तेव्हा मुलगी सासरी परतली होती.

"तिकडंबी हिरीचंच पानी हाय," मावशी म्हणाल्या. "एवढं तपासून देशील का? मी बाटली मागवून घेते."

प्रबंध जमा केला त्याच आठवड्यात माझा प्रयोगशाळेतला प्रवेश बंद झाला होता.

"बघते," मी म्हणाले. मावशी लगेच मुलीला फोन लावायला आत गेल्या.